मोती साबण आणि जर-तरचा करार



1993 सालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सातवीच्या वर्गात अभ्यास कुणालाच नको असतो. खरं सांगायचं तर बाईंनाही नको असतो! मी मुलांना 'आमच्या घरची दिवाळी' या विषयावर तोंडी बोलायला लावलं होतं. किल्ला, उटणं, पायाखाली फोडायचं कारीट, पहिल्या अंघोळीचा मोती साबण असं सगळं यथासांग चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मोती साबण आता कुणाचा? बाबा म्हणतात, तो आता टाटांचा राहणार नाही."

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, "ज्याने विकत आणला त्याचा! खाली बस."

तिचे वडील साबणाच्या कारखान्यात कामाला होते, हे मला पुढे पालकसभेत कळलं. तोवर तो प्रश्न मी विसरूनही गेले होते. आता तीस वर्षं उलटून गेल्यावर तो पुन्हा समोर आला, तो आमच्या ह्यांच्या फायलीतून.

आमचे हे जाऊन काही वर्षं झाली. त्यांना शेअरचा नाद होता म्हणणार नाही, पण बोनसचे पैसे आले की थोडे थोडे शेअर घ्यायचे आणि सगळे कागद तारखेवार लावून ठेवायचे. त्या फायलीत टाटा ऑइल मिल्स कंपनीच्या, म्हणजे 'टॉमको'च्या, 30 समभागांची नोंद सापडली. त्याखाली हिंदुस्थान लीव्हरच्या 4 समभागांची. दोन्हींच्या मध्ये एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका. पुस्तिकेचं पहिलं पान सोडलं तर बाकीची पानं इतकी कोरी करकरीत की ती कुणी उलटलीच नसावीत. सोबत प्रॉक्सी फॉर्मची कार्बन प्रत, तीवर ह्यांची सही आणि जोडनाव म्हणून माझी. ती सही मी कधी केली ते मला आठवत नाही, पण कशी केली असेल ते सांगू शकते. एका हातात खडूचा डबा, दुसऱ्या हातात पेन, "कुठे करू?" एवढंच विचारून!

माझा भाचा कंपनी सेक्रेटरी आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तू या भानगडीत कशाला पडतेस? फायद्यातच आहात तुम्ही." म्हटलं, "फायदा-तोट्याचं नाही रे, मी कशावर सही केली ते मला कळू दे." मग तो रविवारचा आला, दोन रविवार बसला, आणि मला जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. कायद्याचं इंग्रजी वाचताना मला अजून पट्टी धरून ओळ पाहावी लागते. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे गोष्ट कुठून सुरू करायची एवढं कळतं.

दोन जुनी घराणी

टॉमको 1917 सालची. केरळात एर्नाकुलमजवळ खोबरेल काढण्याचा कारखाना घालून सुरुवात झाली आणि त्या वसाहतीचं नावच टाटापुरम पडलं. तेल आलं म्हणजे मागोमाग साबण आलाच. कपड्यांसाठी 501 बार, अंगाला हमाम, आणि आपल्या मराठी घरांतून दिवाळीशी कायमचा जोडला गेलेला तो गोल, जाड मोती.

दुसरं घराणं लीव्हरचं. सनलाइट साबणाच्या पेट्या 1888 मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरल्या होत्या. 1930 च्या दशकात त्यांनी इथे तीन कंपन्या काढल्या. 1956 मध्ये त्या तिन्ही एकत्र करून हिंदुस्थान लीव्हर झाली. (2007 पासून तिचं नाव हिंदुस्थान युनिलिव्हर.) मालकीची सूत्रं युनिलिव्हर या परदेशी कंपनीकडे, आणि समभाग आपल्यासारख्यांकडेही.

सगळं आयुष्य ही दोन घराणी एकमेकांसमोर उभी होती. वाण्याच्या दुकानात एका फळीवर ह्यांचा साबण, शेजारी त्यांचा. 1990 च्या सुमारास टॉमको तोट्यात गेली. 1993 मध्ये ठरलं की टॉमको हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन व्हायची. टॉमकोच्या 15 समभागांना लीव्हरचे 2 समभाग. आमच्या 30 चे 4 झाले ते या हिशेबाने.

पेपरात बातमी आली तेव्हा घरोघरी लोक म्हणाले, "टाटांनी साबण विकला." विषय संपला. पण तो संपलेला नव्हता, आणि इथेच माझी गोष्ट सुरू होते.

संकेतार्थ

व्याकरणात आम्ही क्रियापदाचे चार अर्थ शिकवायचो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'पाऊस पडला' हा स्वार्थ. 'पाऊस पडला तर पेरणी होईल' हा संकेतार्थ. पोरं नेहमी गोंधळायची, कारण दोन्हींत 'पाऊस पडला' हेच शब्द दिसतात. मी सांगायचे, त्या छोट्या 'तर'कडे बघा रे, सगळा जीव तिथे आहे.

विलीनीकरणाचा करार हे असंच एक लांबलचक संकेतार्थी वाक्य असतं. पेपरवाले ते स्वार्थात छापतात, 'अमुक कंपनी तमुक कंपनीत विलीन'. कराराच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं, 'भागधारकांनी मंजूर केलं, न्यायालयाने मान्यता दिली, सरकारी परवानग्या मिळाल्या, तर विलीन.' या 'तर'च्या आधी जे जे येतं त्याला भाच्याच्या भाषेत पूर्वअटी म्हणतात.

मला हे साखरपुडा आणि लग्नासारखं वाटलं. सहीच्या दिवशी साखरपुडा होतो. पूर्ततेच्या दिवशी लग्न. मधल्या काळात मुलगी माहेरीच राहते. दोन्ही कंपन्यांनी आपापला कारभार वेगळा ठेवायचा, भाव एकमेकांना विचारून ठरवायचे नाहीत, गिऱ्हाइकं वाटून घ्यायची नाहीत. आजच्या कायद्यात तर स्पर्धा आयोगाच्या परवानगीआधीच संसार थाटला तर दंड होतो.

टॉमकोच्या योजनेत तारखांचीही गंमत होती. योजनेत एक 'नेमलेली तारीख' होती, 1 एप्रिल 1993. पण योजना अंमलात येणार सगळ्या परवानग्या हातात पडल्यावर. म्हणजे 1993 च्या दिवाळीत, माझी विद्यार्थिनी उभी राहिली त्या दिवशी, मोती साबण टॉमकोचाच होता. परवानग्या मिळाल्यावर मात्र हिशेब मागे जाऊन 1 एप्रिलपासून धरायचा, म्हणजे कागदावर त्याच दिवाळीचा तोच साबण लीव्हरचा! ती मुलगी वेड्यासारखं बोलली नव्हती. वेडं उत्तर माझं होतं.

परवानग्या कोणकोणाच्या?

तेव्हा 1956 चा कंपनी कायदा होता. त्याच्या 391 ते 394 या कलमांत रीत सांगितलेली होती. आधी उच्च न्यायालयाच्या आदेशाने भागधारकांची सभा. तिथे मत देणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि समभागांच्या मूल्याने तीन चतुर्थांश लोक बाजूने हवेत. सभेच्या सूचनेबरोबर खुलासेवार निवेदन पाठवायचं. आमच्या फायलीतली ती कोरी पुस्तिका म्हणजे हेच निवेदन. मग न्यायालयाची मंजुरी. तिथे केंद्र सरकारलाही आपलं म्हणणं मांडायची संधी असते. आणि परदेशी कंपनीला नवे समभाग द्यायचे असल्याने रिझर्व्ह बँकेची परवानगी.

ही शेवटची बाब जरा समजून घेण्यासारखी आहे. युनिलिव्हरकडे हिंदुस्थान लीव्हरचे 51 टक्के होते. टॉमकोच्या भागधारकांना नवे समभाग वाटले की तो हिस्सा आपोआप खाली येणार. तो 51 वर राहावा म्हणून युनिलिव्हरला 105 रुपये भावाने जादा समभाग देण्याचं योजनेतच घातलेलं होतं. बाजारात लीव्हरचा भाव तेव्हा याहून बराच वर होता. साहजिकच लोकांच्या भुवया उंचावल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे पहारेकरी असताना अडचण काय? अडचण अशी की एक पहारेकरी दोन वर्षांपूर्वीच घरी पाठवला गेला होता.

उठवलेली खुर्ची

मोजक्या घराण्यांच्या हातात किती उद्योग एकवटले आहेत हे पाहायला सरकारने 1964 मध्ये एक चौकशी आयोग नेमला होता. त्यातून 1969 चा मक्तेदारी कायदा आला, आणि 1 जून 1970 पासून लागू झाला. 'एमआरटीपी' म्हणायचे त्याला. त्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना विलीन होण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागे.

त्या कायद्याची बाजू घेऊन मी भांडणार नाही. मोठ्या कंपनीला कारखाना वाढवायचा तरी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, तो काळ आपण पाहिलेला आहे. जुलै 1991 च्या नव्या औद्योगिक धोरणात ही आधीची तपासणी काढून टाकायचं ठरलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती कलमं कायद्यातून गेली. मोठं होण्याला आडकाठी नको, मोठं झाल्यावर कुणी वाईट वागलं तर बघू, असा विचार. विचार म्हणून तो चुकीचा नव्हता. पण जुनं दार काढताना तिथे नवं दार बसवायला हवं होतं, ते राहून गेलं.

किती दिवस राहून गेलं? आकडे बघा. स्पर्धा धोरणासाठी राघवन समिती 1999 मध्ये नेमली गेली. स्पर्धा कायदा 2002 चा. त्यात मोठ्या विलीनीकरणाची सूचना आयोगाला देणं आधी ऐच्छिकच होतं. 2007 च्या दुरुस्तीने ते सक्तीचं झालं. आणि विलीनीकरणाची ती कलमं प्रत्यक्ष लागू झाली 1 जून 2011 ला. तारखेचा योगायोग पाहा, 1 जूनला सुरू झालेली गोष्ट 1991 मध्ये बंद पडली आणि पुन्हा 1 जूनलाच सुरू झाली, पण मध्ये वीस वर्षं जवळजवळ गेली.

त्या वीस वर्षांत 'या दोन कंपन्या एक झाल्या तर गिऱ्हाइकाला निवड उरेल का?' हा प्रश्न आधी विचारणारं अधिकृत कुणी नव्हतं. टॉमकोचं विलीनीकरण नेमकं त्या मोकळ्या काळात आलं.

कोर्टात

ते बिनविरोध झालं नाही, हे मला या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे 1994 मध्ये मंजुरी मिळाली. मग अपील सर्वोच्च न्यायालयात. निकाल 24 ऑक्टोबर 1994 चा, म्हणजे पुन्हा दिवाळीच्या तोंडावर! कायद्याच्या पुस्तकांत हा खटला हिंदुस्थान लीव्हरच्या कामगार संघटनेच्या नावाने ओळखला जातो. भाचा म्हणाला, "मावशी, आम्हाला हा परीक्षेला असतो."

विरोध करणाऱ्यांत काही भागधारक होते आणि दोन्ही कंपन्यांच्या कामगारांच्या संघटना होत्या. त्यांचे आक्षेप थोडक्यात असे. 15 ला 2 हे प्रमाण टॉमकोच्या भागधारकांवर अन्याय करणारं आहे. मूल्यमापन करणारे नामांकित चार्टर्ड अकाउंटंट टॉमकोच्याच संचालक मंडळावर होते. खुलासेवार निवेदनात पुरेसा खुलासा नाही. कामगारांच्या हिताची हमी नाही. युनिलिव्हरला समभाग स्वस्तात दिले. आणि साबणाच्या धंद्यात मक्तेदारी होईल.

न्यायालयाने एकेक मुद्दा घेतला. मूल्य काढण्याच्या अनेक रीती असतात. न्यायालय हातात फुटपट्टी घेऊन दशांश मोजत बसणार नाही, पद्धत रास्त आहे की नाही एवढंच पाहील. निवेदनात कायद्याने जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलं आहे. कामगारांबद्दल योजनेतच कलम होतं, की टॉमकोचे सगळे कर्मचारी नोकरीत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नाहीत अशा शर्तींवर लीव्हरचे कर्मचारी होतील. न्यायालयाने ते पुरेसं मानलं. मक्तेदारीच्या मुद्द्यावर उत्तर सरळ होतं. आधी परवानगी घ्या म्हणणारं कलम संसदेने काढून टाकलं आहे. संसदेने पुढच्या दाराने घालवलेलं न्यायालय मागच्या दाराने आत आणू शकत नाही. मक्तेदारीचा त्रास पुढे झालाच तर मोठ्या कंपनीचं विभाजन करण्याचं कलम कायद्यात अजून आहे, तिथे जा.

कायद्याच्या दृष्टीने मला हा निकाल पटतो. न्यायाधीशांनी कायदा बनवायचा नसतो, लावायचा असतो. पण निकालातल्या एका मुद्द्यावर मी थबकले. न्यायमूर्तींनी म्हटलं आहे की 95 टक्क्यांहून अधिक भागधारकांनी हे मूल्यमापन मान्य केलं आहे, आणि आपलं हित कशात आहे हे त्यांनाच सर्वांत चांगलं कळतं.

मी ते भाच्याला दोनदा वाचायला लावलं. मग फायलीतली ती कार्बन प्रत उघडून टेबलावर ठेवली. त्या 95 टक्क्यांत आम्ही होतो! ज्यांना आपलं हित सर्वांत चांगलं कळतं त्यांच्यात. पुस्तिका न उघडलेले, 'कुठे करू?' विचारून सही केलेले.

आता एक स्पष्ट सांगते. आमचं नुकसान झालं नाही. त्या 4 समभागांचे 2000 सालच्या विभागणीत 40 झाले, लाभांश दरवर्षी येत राहिला, आणि तोट्यातल्या कंपनीचे कागद हातात घेऊन बसण्यापेक्षा हे बरंच झालं. पुस्तिका वाचली असती तरीही आम्ही बहुधा तीच सही केली असती. पण तो भाग वेगळा. आमच्या सहीला न्यायालयाने समजून केलेली संमती मानलं आणि तिच्या भरवशावर एक मोठा निर्णय उभा राहिला. बाकी कुणाची खुर्ची सरकारने उठवली असेल, आमची तर आम्हीच रिकामी ठेवली होती. दोष त्या पुस्तिकेचा नव्हता. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या वकिलांना विचारता आलं असतं. विचारलं नाही.

पुढे काय झालं

टॉमको गेली. हमाम आणि मोती लीव्हरच्या फळीवर गेले. मोती टिकला, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे. आजही नरकचतुर्दशीला तो आपल्या मोरीत असतो. परवानग्यांची रीत मात्र खूप बदलली.

2011 पासून ठरावीक मर्यादेपेक्षा मोठं विलीनीकरण असेल तर आधी स्पर्धा आयोगाला कळवायचं आणि त्याने हो म्हणेपर्यंत थांबायचं. आयोगाला त्यासाठी 210 दिवस असत, सप्टेंबर 2024 पासून ते 150 झाले. आयोग नुसतं हो किंवा नाही म्हणतो असंही नाही, 'हो, पण' म्हणू शकतो. अमुक ब्रँड विका, तमुक कारखाना वेगळा काढा, मग एकत्र या. उच्च न्यायालयाचं काम 2016 च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेलं.

त्यामुळे करारही बदलले. परवानगी मिळेल की नाही याचा धोका कुणी उचलायचा हे आता आधीच लिहून ठेवतात. अमेरिकेत 2011 मध्ये एटी अँड टी कंपनीने टी-मोबाइल 39 अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. करारात लिहिलं होतं की सरकारने अडवलं तर घेणाऱ्याने 3 अब्ज डॉलर रोख, शिवाय मोबाइलच्या लहरींचे काही परवाने द्यायचे. ऑगस्टमध्ये अमेरिकेचं न्याय खातं कोर्टात गेलं, डिसेंबरमध्ये करार मोडला, आणि ते पैसे खरोखर मोजावे लागले. आपल्याकडे ठरलेलं लग्न मोडलं तर मांडवाच्या खर्चावरून जी बाचाबाची होते, ती त्यांनी आधीच कागदावर मिटवून ठेवली होती म्हणायची!

आणखी एक गोष्ट असते. शेवटची तारीख. अमुक दिवसापर्यंत सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर कुणीही करारातून बाहेर पडू शकतो. याचं उदाहरण तर आपल्या दिवाणखान्यातलंच आहे. झी आणि सोनी. 'झी मराठी' आणि 'सोनी मराठी' एका घरात जाणार म्हणून आमच्या सोसायटीतल्या बायकांत केवढी चर्चा झाली होती! करारावर सह्या झाल्या 22 डिसेंबर 2021 ला. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये 'हो, पण' म्हटलं, तीन हिंदी वाहिन्या विकायची अट घालून. मुंबईच्या न्यायाधिकरणाची मंजुरी ऑगस्ट 2023 मध्ये आली. मुख्य परवानग्या हातात होत्या! तरी एकत्र कंपनीचं नेतृत्व कुणी करायचं यावर सूत जमेना. ठरलेली मुदत डिसेंबरात उलटली, आणखी महिनाभर बोलणी झाली, आणि 22 जानेवारी 2024 ला सोनीने करार संपवला. कराराच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून त्यांनी 9 कोटी डॉलर मागितले. झीने ते अमान्य केलं. ऑगस्ट 2024 मध्ये दोघांनी एकमेकांवरचे दावे मागे घेऊन, पैशांची देवघेव न करता, मिटवलं.

म्हणजे सरकारचा 'हो' मिळाला तरी लग्न लागतंच असं नाही. संकेतार्थी वाक्यात 'जर' एकच असतो असं कुणी सांगितलंय?

मला काय वाटतं

भाच्याच्या पिढीला या परवानग्या म्हणजे कटकट वाटते. "मावशी, दोघे तयार आहेत ना? मग तिसऱ्याचं काय काम?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उशिराने कंपन्या खिळखिळ्या होतात. टॉमकोसारखी तोट्यातली कंपनी वर्षभर लटकत राहिली तर तिच्या कामगारांचंच आधी वाईट होतं. 1991 च्या आधीचा काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही.

पण करारावर सही करणारे दोघे असतात, आणि त्याचे परिणाम भोगणारे किती? साबण घेणारी बाई असते. कारखान्यातला माणूस असतो. वाण्याच्या फळीवर शेजारी शेजारी बसलेले दोन साबण एकाच मालकाचे झाले तर कुणाच्या भीतीने कुणी भाव कमी ठेवायचा? हे विचारायला त्या दोघांपैकी कुणी बांधलेला नाही. त्यांनी ते विचारावं अशी अपेक्षाही नाही, व्याकरणात त्याला स्वार्थच म्हणतात! म्हणून कराराच्या मजकुरात एक ओळ अशी लागते, जिथे सही न केलेल्यांची खुर्ची असते. पूर्वअट म्हणजे ती खुर्ची. 1993 मध्ये त्यातली एक नव्हतीच, आणि दुसरी होती तर तिच्यावर आम्ही न वाचता सही करून निघून गेलो.

असो. आता ते 40 समभाग माझ्या नावावर आहेत. मतदानाची सूचना हल्ली ईमेलवर येते. मी चष्मा लावून, पट्टी नाही पण बोट धरून वाचते. अडलं तर भाच्याला फोन. तो म्हणतो, "मावशी, तुझ्या 40 मतांनी काय होणार आहे?" काही होणार नाही, हे मलाही कळतं. पण पुढच्या वेळी कुणी न्यायमूर्तींनी लिहिलं, की भागधारकांना आपलं हित कळतं, तर निदान एका भागधारकाच्या बाबतीत ते खरं असावं.

ती मुलगी आता पंचेचाळिशीला आली असेल. तिचे बाबा पुढे कुठे गेले, कारखान्यात राहिले की नाही, मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला पत्ता नाही. ती कुठे भेटली तर तिला तिचं उत्तर द्यायचं आहे. बाळ, त्या दिवशी मोती साबण टॉमकोचाच होता. पुढे परवानग्या मिळाल्या म्हणून तो त्या एप्रिलपासूनच लीव्हरचा धरला गेला. तुझा प्रश्न बरोबर होता, बाईंनाच धडा येत नव्हता.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा जुन्या पुस्तिका असतील, किंवा त्या वेळी साबणाच्या धंद्यात कुणी काम केलेलं असेल, तर जरूर लिहा. वाचायला मला आवडेल. आणि हो, नागपूरच्या वन्सं, तुमच्या कपाटातही टॉमकोचा एक कागद असणार. ह्यांनीच घेऊन दिले होते तुम्हाला. रद्दीत घालण्याआधी एकदा बघा.